खरमासातली नळी

काशीत मरेल त्याला मोक्ष मिळतो यावर सगळ्या हिंदुस्थानचा विश्वास आहे, पण ही सवलत जुन्या पेट्रोल-व्हॅनना लागू नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. माणूस इथे मेला की सुटतो. गाडी मात्र इथे मेली की अडकते, आणि जोवर तिची जुनी, वाळकी पेट्रोलची नळी काढून नवी घातली जात नाही तोवर ती कुठेही जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत आहे. ब्रह्मा घाटावरच्या दशग्रंथी घराण्यात जन्म, वडिलांच्या पुढ्यात बसून आठ वर्षं संहिता पाठ केलेली, आणि मग एका सकाळी पोथी मिटून हे गृहस्थ जे गल्लीबाहेर पडले ते मच्छोदरीच्या बाजूला एका व्हॅनखाली शिरले. त्याला आता चाळीस वर्षं झाली. इंजिन खोलत नाहीत, ब्रेक बघत नाहीत, रंगाला हात लावत नाहीत. फक्त नळ्या. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत जे काही रबर असेल तेवढंच त्यांचं राज्य.

मी मूळचा सोलापूरचा. विद्यापीठात नोकरी लागली म्हणून दीड वर्षापूर्वी बायकोच्या माहेरगावी राहायला आलो आणि मामेसासरे नावाचा हा प्रकार जवळून बघायला मिळाला. तशी पहिली ओळख लग्नातच झाली होती. आहेर देण्यासाठी मामा स्टेजवर चढले, माझ्या खांद्यापाशी नाक नेलं, दोन वेळा श्वास ओढला, आणि मला आशीर्वाद द्यायचं सोडून माझ्या वडिलांना म्हणाले की तुम्ही ज्या गाडीतून आलात तिची मागची नळी बघून घ्या. आम्ही स्टेशनवरून भाड्याच्या गाडीने आलो होतो. वडिलांना वाटलं वधूकडचे लोक आपली काहीतरी थट्टा करताहेत. संध्याकाळी ड्रायव्हर सांगत आला की टाकीच्या खाली थेंब थेंब गळतंय, आणि गाडी उभी होती बरोबर आचाऱ्याच्या भट्टीशेजारी. तेव्हापासून माझे वडील मामांशी बोलताना नकळत दोन पावलं मागे सरून उभे राहतात.

मामांचं नाक हा आमच्या घरातला एक स्वतंत्र सदस्य आहे. तपकिरी स्वेटर, कानटोपी, मांड्यांपर्यंत खोचलेलं धोतर आणि त्या सगळ्याच्या पुढे हे नाक, अशी त्यांची स्वारी सकाळी निघते. घरी परतल्यावर ते कपडे अंगणातल्या वेगळ्या दोरीवर वाळत पडतात, कारण मामींच्या शास्त्रात पेट्रोल हे ओवळं आहे आणि आंघोळ केल्याशिवाय त्या मामांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाहीत. मामांचीही याला हरकत नसते. ते स्वतःच सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की व्हॅनखाली शिरताना चपला बाहेर काढून ठेवतात. मंगळवारी रबर कापत नाहीत, जसं आपण नखं कापत नाही. अमावस्येला इंजिनावरचं झाकण उघडत नाहीत. राहुकाळात क्लॅम्प आवळत नाहीत. दिल्लीहून खास आलेला एक शौकीन मालक दीड तास हातात पाना धरून उभा होता आणि मामा शेजारी बसून पंचांग वाचत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एवढ्या कडक माणसाच्या वागण्यात एकच गोष्ट विचित्र होती. पौषातला खरमास लागला की इकडे सगळी शुभकामं थांबतात. लग्न नाही, मुंज नाही, घराची वीटही कुणी हलवत नाही. सगळे संक्रांतीची वाट बघतात. मामा मात्र नेमक्या त्याच महिन्यात सकाळपासून दिवे लागेपर्यंत नळ्या बदलत असतात. गिऱ्हाईक नसलं तर मागच्या वर्षी बदललेल्या नळ्या पुन्हा तपासतात, लोकांना फोन करून बोलावतात, की आत्ता या, आजच या. मी एकदा मामींना विचारलं की हे असं कसं, मंगळवार पाळणारा माणूस खरमास कसा मोडतो. बायको म्हणाली की पूर्वी मामा खरमासात हत्यारांच्या पेटीला कुलूप लावून ठेवायचे. मामी मात्र दूध बघायला म्हणून आत गेल्या, आणि दूध तर गॅसवर नव्हतंच.

त्यांची जागा म्हणजे पूर्वी इक्क्यांचे घोडे बांधायचे ते एक मोठं आवार. एका भिंतीला लागून पत्र्याचे सहा कप्पे, आणि प्रत्येकात एक व्हॅन. कुणी एक परदेशी जोडपं दूरच्या प्रवासातून गंगा बघायला आलं आणि गाडी इथेच टाकून गेलं, ती एक. एका बंद पडलेल्या छापखान्याची एक. मिर्झापूरच्या फोटोग्राफरची एक. आता हौशी लोक लांबून येतात, कारण पेट्रोल पूर्वीचं राहिलेलं नाही, त्यात जे मिसळतात ते जुन्या रबराला आतून खातं. बाहेरून नळी ठणठणीत दिसते आणि आतून तिचा चुरा होत असतो. मामा जुनी नळी काढली की ती कानाजवळ नेऊन हळूच वाकवतात. ती कुरकुरते. ते ऐकतात. त्या वेळी आवारात कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. मग कापून तिचं तोंड हुंगतात आणि गाडीचा शेवटचा मुक्काम सांगतात. दिल्लीच्या त्या मालकाला ते म्हणाले, "ही उतारावर तोंड करून उभी होती. पाण्याच्या बगल में. आणि हिची कुणी वाट बघत होतं." तो माणूस खाली बसला. गाडी बारा वर्षं पहाडातल्या एका तळ्याकाठी उतारावर उभी होती, आणि त्याची आई रोज खिडकीतून तिच्याकडे बघत बसायची, असं त्याने आम्हाला सांगितलं. मी मामांना दुसऱ्या दिवशी खोदून विचारलं. ते नाइलाजाने म्हणाले की नळीतला गाळ एका टोकाला साचलेला होता, म्हणजे उतार. पत्र्याला आतून बारीक गंज होता, म्हणजे पाणी. आणि वाट बघणं? मामांनी पान तोंडात टाकलं आणि तोंडात पान असलेला बनारसी माणूस बोलत नाही, हे तुम्हाला कुणीही सांगेल.

पण खरी गंमत नवी नळी बसवल्यानंतर असते. गंमत म्हणतो खरा, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातावर काटा आला होता. गाडी सेल्फ घेते, इंजिन फिरतं, पण पेटत नाही. अशा वेळी कुठलाही मेकॅनिक शिव्या देतो. मामा हात जोडतात. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना की घरचे लोक जसे एकेक आश्वासन देत जातात, तुझ्या मुलीचं लग्न करू, तुझ्या आईला सांभाळू, तसे मामा त्या गाडीला आश्वासनं देऊ लागतात. मिर्झापूरच्या फोटोग्राफरच्या गाडीच्या वेळी मी होतो. त्याचा नातू गाडी घेऊन आला होता आणि मामांचं हे चाललेलं बघून तोंडावर हात धरून हसत होता. मामा म्हणाले, तुझ्या सीटा नव्याने शिवून घेऊ. सेल्फ मारला, काही नाही. विंध्याचलला नेऊन आणू. काही नाही. तुझा रंग बदलणार नाही. आणि गाडी धडधडून सुरू झाली. नातवाचं हसू मावळलं. त्याने मागचं दार उघडून दाखवलं, आत लाल रंगाचे दोन डबे होते. तो इथून थेट पेंटरकडे जाणार होता आणि हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. डबे तसेच घेऊन तो परत गेला. मामांचं म्हणणं असं की नवी नळी कोरडी असते, टाकीतून पेट्रोल ओढून चढायला वेळ लागतो, तो वेळ कसा घालवायचा म्हणून ते बोलतात. "चुप राहून काय करायचं, जावईबापू? शिव्या देण्यापेक्षा वचन दिलेलं बरं ना."

हे पटण्यासारखं आहे, आणि मी पटवूनही घेतलं. माझा विषय पदार्थविज्ञान. मला सगळं पटवून घ्यायची सवय आहे. आवारातल्या सहाव्या कप्प्याचं काय करायचं तेवढं मात्र मला कळेना. त्या शेवटच्या कप्प्यात एक फिकट निळी व्हॅन ताडपत्रीखाली उभी होती आणि मामा तिकडे कधीही जात नसत. पाचव्या कप्प्यापर्यंत जात आणि तिथून वळत, तेही मान दुसरीकडे करून. एकदा दाट धुक्याच्या, इकडच्या भाषेत कडक कोहऱ्याच्या, सकाळी मी एकटाच त्या बाजूला गेलो. बाकी सगळ्या गाड्यांच्या काचा बाहेरून भिजलेल्या होत्या. या गाडीची ताडपत्री मी जरा उचलली तर काच बाहेरून कोरडी आणि आतून ओली होती, आत कुणी बराच वेळ बसून श्वास घेत असावं तशी. गाडीचा तळ सडला असेल, जमिनीची ओल वर चढत असेल, असं मी मनाशी म्हणालो. तरी ताडपत्री जशीच्या तशी सोडली आणि पुन्हा तिकडे एकटा गेलो नाही.

ती गाडी मास्तरांची होती. मास्तर म्हणजे मामांचे लंगोटीयार, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे, शाळेत गणित शिकवायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी काशीत येण्याच्या आदल्याच हिवाळ्यात ते गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं, त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, गल्लीच्या तोंडाशी येऊन रिक्षा केली, इस्पितळात नेलं, आणि दुपारी खेळ आटोपला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. व्हॅन त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी होती तिथून हलली नव्हती, या आवारात ती नंतर आणली, असं काकू आवर्जून सांगायच्या. इतकं आवर्जून का सांगतात असा प्रश्न मला पडायचा, पण जावयाने सगळेच प्रश्न विचारायचे नसतात.

या पौषात एका सकाळी काकू स्वतः मामांकडे आल्या. मुलगी त्यांना कायमची नागपूरला घेऊन चालली होती. गाडी मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला दिली होती, तो रविवारी लखनौहून येऊन घेऊन जाणार होता. काकू मामींनी पुढे केलेल्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तो म्हणतो ट्रकवर चढवून नेतो. मला ते नको. ती आपल्या पायांनी जाऊ दे." मामा सुपारी कातरत होते. अडकित्ता अर्ध्यात थांबला. रविवारपर्यंत खरमासच होता. मामा म्हणाले, उद्या दहा वाजता. काकू म्हणाल्या की मी समोर बसणार. मामांनी मान हलवली आणि उरलेली सुपारी न कातरताच डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी कोहरा असा होता की आवाराच्या फाटकातून सहावा कप्पा दिसत नव्हता. घाटावरून घंटांचे आवाज येत होते, पण कुठल्या बाजूने ते कळत नव्हतं. मामांनी चपला काढल्या. ताडपत्री मी ओढली. काकू दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या, शाल नीट लपेटली, आणि समोरच्या काचेकडे बघत राहिल्या. या जातीच्या गाडीत इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली असतं, त्यामुळे मामांना काम करायचं होतं ते जवळजवळ काकूंच्या मांडीशेजारी. मी टॉर्च धरून मागच्या बाजूने वाकलो. आत पेट्रोलचा वास होता. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या टाकीच्या गाडीत तो इतका ताजा कसा, हे मला अजून कळलेलं नाही. मामांनी झाकण उचललं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

पंपाकडे जाणारी नळी तिथे होती, वाळून तडकलेली, आणि तडकलेल्या जागी एक रुमाल घट्ट गुंडाळून गाठ मारली होती. पेट्रोलने भिजून मग वाळून तो पापडासारखा कडक झाला होता. त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने एक अक्षर भरलेलं होतं. काकू सगळ्या रुमालांवर ते भरत असत. मास्तर रुमाल सगळीकडे विसरत म्हणून. अख्खा ब्रह्मा घाट ते अक्षर ओळखायचा.

मामांना काही विचारावं लागलं नाही. माझ्याही लक्षात आलं. गाडी त्या दिवशी बाहेर पडली होती. वाटेत थांबली होती, आणि छातीत कळा येत असताना मास्तरांनी हे झाकण उचलून, खिशातला रुमाल काढून नळी बांधायचा प्रयत्न केला होता. मी काकूंकडे पाहिलं. त्याही रुमालाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मामांनी गाठ सोडवली नाही. दोन्हीकडचे क्लॅम्प सैल करून रुमालासकट नळी काढली आणि काकूंच्या ओंजळीत ठेवली. ती त्यांनी वाकवली नाही, हुंगलीही नाही. मग स्वेटरच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नळी काढली. कागद दोन वर्षांपूर्वीचा होता, पौषातला. नळी कोरी होती. कानाजवळ नेऊन वाकवून पाहिली, ती गप्प राहिली. बसवली, क्लॅम्प आवळले, मी डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं, आणि मामा चालकाच्या सीटवर बसले.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. मामांनी हात जोडले. तुला लखनौला नीट ठेवतील. काही नाही. तुझ्यावरची मास्तरांच्या नावाची पाटी पुसू देणार नाही. काही नाही. वहिनींना नागपूरला करमेल, मी महिन्यातून एकदा फोन करीन. काही नाही. दुसऱ्या गाडीची काढून जोडलेल्या बॅटरीचा जोर उतरत चालला होता, सेल्फचा आवाज जड व्हायला लागला होता. मग मामा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत, अगदी साध्या आवाजात बोलले.

"मार्गशीर्षातच तू मला म्हणाला होतास, नळी बघ. नळी आली होती, माझ्या घरात होती. मीच म्हटलं, खरमास लागला, संक्रांत होऊ दे. चार दिवस राहिले होते. चूक माझी आहे. तुझी नाही, गाडीची नाही."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन दोनदा कण्हल्यासारखं फिरलं आणि थांबलं. चाळीस वर्षांत दिलेल्या सगळ्या वचनांपेक्षा हे जड होतं, आणि गाडीने ते घेतलं नाही. मामांचं ते नाक लाल झालं होतं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

काकू बोलल्या त्या मामांशी बोलल्या नाहीत. मधल्या उघड्या झाकणाशी, त्या इंजिनाशी बोलल्या.

"मी तुमचा शब्द दोन वर्षं पाळला, आता मोडते. गाडी इस्पितळाच्या वाटेवर, मैदागिनच्या चौकाअलीकडे बंद पडली. मी रिक्षा बघायला उतरले, तेवढ्यात तुम्ही हे बांधत बसलात, ते मला आज कळतंय. रिक्षात तुम्ही माझा हात धरून काय म्हणालात? त्याला सांगू नकोस. गाडी परत जागेवर नेऊन ठेव, त्याला कळलं तर तो पाना हातात धरणार नाही. धरला हो त्यांनी. सोडला नाही. दर खरमासात धरतात. तुम्ही काळजी करू नका." मग त्या मामांकडे वळल्या. "आता लावा, भाऊजी."

मामांनी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

मी पदार्थविज्ञानाचा माणूस आहे. एवढ्या बोलण्यात पेट्रोलला नळीतून चढायला हवा तेवढा वेळ मिळाला होता, बॅटरीलाही मिनिटभर विश्रांती मिळाली होती. हे सगळं मी त्या क्षणी मनात म्हटलं, आणि तरी माझे डोळे भरून आले ते काही थांबले नाहीत. मामांनी सवयीने चावीकडे हात नेला; इंजिन पेटलं की दोन मिनिटं चालवून ते बंद करतात. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या की बंद करू नका, चला. कुठे, हे मामांनी विचारलं नाही. झाकण बसवलं, अनवाणीच क्लच दाबला, मी मागे चढलो, आणि निळी व्हॅन फाटकातून बाहेर पडली.

कोहऱ्यात समोरचं काही दिसत नव्हतं. रिक्षा, सायकली, एक गाय, सगळं अचानक पुढे येई आणि बाजूला होई. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. प्रत्येक खड्ड्याला माझी सीट दबायची, आणि क्षणभराने ती. मी ते पहिल्या तीन खड्ड्यांपर्यंत पाहिलं, मग बाहेर बघत राहिलो. मैदागिनच्या अलीकडे मामांनी गाडी हळू केली. काकूंनी कठड्याजवळच्या एका जागेकडे बोट केलं. गाडी तिथून पुढे गेली. गेली म्हणजे सहज गेली, एकदाही अडखळली नाही. मामा श्वास ओढून हुंगत होते, आणि माझ्या नाकालासुद्धा पेट्रोलचा वास येत नव्हता. आतल्या काचांवरची ओल उतरली होती.

इस्पितळाच्या दारात मामांनी गाडी पोर्चखाली, जिथे रोग्यांना उतरवतात, तिथेच नेऊन लावली. आतून एक वॉर्डबॉय चाकांची खुर्ची ढकलत घाईने आला. त्याने मागचं दार सरकवलं, माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या सीटकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, खुर्ची त्या सीटच्या पुढ्यात लावून विचारलं, "मरीज कौन है, माताजी?"

काकूंनी ओंजळीतली नळी पदराखाली घेतली.

"कोई नहीं, भइया," त्या म्हणाल्या. "बस, पहुँच गए."

मामांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मोठ्या बहिणीने ठेवावा तसा. एरवी त्या पोर्चखाली दोन मिनिटंही गाडी उभी करू देत नाहीत. वॉर्डबॉय खुर्ची घेऊन सावकाश मागे सरला, आणि त्या सकाळी आम्हाला तिथून कुणी उठवलं नाही.